आधी पत्र, मग प्रवास : शालेय विद्यार्थ्यांचे परदेशगमन आणि पालकांचे दायित्व

(लोहारा, जि. धाराशिव येथे पालक व शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



शालेय विद्यार्थ्यांच्या परदेशवारीचा विषय लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी मांडावयाचा म्हटले की काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटते. मृगाचा पाऊस कसा पडला यावर ज्या घरातील वर्षभराचे हिशेब ठरतात, त्या घरांपुढे अमेरिका आणि जपानच्या गोष्टी कशाला, असा त्यामागील भाव असतो. परंतु हा प्रश्न आता पुण्या-मुंबईच्या मोठ्या शाळांपुरता उरलेला नाही. २०२५ साली पुणे जिल्हा परिषदेने 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या सहकार्याने आपल्या शाळांतील विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेतल्या आणि त्यांतून निवडलेल्या २५ मुलांना अमेरिकेतील 'नासा' पाहण्यास पाठविण्याची योजना आखली. केंद्र शासनाच्या 'इन्स्पायर-मानक' योजनेतून पुढे आलेले विद्यार्थी जपानच्या 'साकुरा सायन्स' कार्यक्रमासाठी जात आलेले आहेत आणि त्यांचा खर्च जपानमधील शासकीय संस्था उचलते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा खेड्यातील वर्गखोलीतून परदेशातील वर्गखोलीशी बोलता येते हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. लोहाऱ्याच्या मुलासाठी दार किलकिले झालेले आहे. त्या दारातून त्याला कोणी, कसे आणि कोणाच्या भरवशावर न्यावयाचे, एवढाच प्रश्न आहे, आणि तो लहान नाही.

शासनाच्या निवडीतून जाणारी मुले मूठभर असतात. बाकीच्या घरांत हा विषय येतो तो गुळगुळीत कागदावरील रंगीत माहितीपत्रकातून. 'नासा शैक्षणिक दौरा', दहा-बारा दिवस, प्रमाणपत्रासह. पत्रकावर शाळेचे नाव असले तरी ते बहुधा एखाद्या प्रवासी कंपनीने छापलेले असते. त्यात गैर काही नाही. प्रवास विकणे हाच तिचा व्यवसाय आहे. मात्र आपण काय विकत घेत आहोत, हे पालकाला ठाऊक असले पाहिजे. फ्लोरिडातील केनेडी अंतराळ केंद्राचा जो भाग अशा दौऱ्यांत दाखविला जातो, तो तिकीट काढून कोणालाही पाहता येणारा प्रेक्षक विभाग आहे. अलाबामा राज्यात हंट्सव्हिल येथे १९८२ पासून मुलांसाठी 'स्पेस कॅम्प' भरतो. तो चांगला भरतो, परंतु तो तेथील अंतराळ संग्रहालयाचा उपक्रम आहे, 'नासा'चा नव्हे. पैसे भरून नाव नोंदविले म्हणजे 'नासाने निवड केली' असे होत नाही. तरीही चौकात अभिनंदनाचा फलक लागतो आणि फलकावरील मजकूर तपासावा असे कोणालाच वाटत नाही.

या भाबडेपणाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००५ साली उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्यातील एका शाळकरी मुलाने 'नासा'च्या जागतिक परीक्षेत आपण पहिले आलो असल्याचे सांगितले. वृत्तपत्रांनी ते छापले, नेत्यांनी सत्कार केले. 'नासा' अशी परीक्षाच घेत नसल्याचे नंतर उघड झाले. त्या मुलाला दोष देऊन काय उपयोग? ज्या मोठ्यांनी एक पत्र पाठवून खातरजमा केली नाही, त्यांचा तो दोष होता. परदेशाचे नाव आले की आपल्याकडील शहाणी माणसेही प्रश्न विचारावयाचे विसरतात. घरात ट्रॅक्टर आणताना चार जणांना विचारणारा शेतकरी मुलाच्या परदेश दौऱ्याचा अर्ज न वाचता सही करून मोकळा होतो.

आणि खर्चाचे काय? दौरा तीन लाख रुपयांचा धरला, तर २०२५-२६ च्या हंगामासाठी जाहीर झालेल्या ५,३२८ रुपये हमीभावाने तो ५६ क्विंटल सोयाबीनचा होतो. हमीभाव प्रत्यक्षात किती जणांच्या हाती पडतो, हे या सभेला सांगावयास नको. ज्यांना परवडते त्यांनी मुलांना जग अवश्य दाखवावे. परंतु वर्गातील अमका जातो म्हणून दागिना गहाण ठेवून दहा दिवसांची सहल विकत घेऊ नये. शिक्षकांनीही वर्गात हात वर करावयास लावून 'कोण कोण येणार' असे विचारू नये. ज्याचा हात वर जात नाही, त्या मुलाच्या मनावर जो ओरखडा उठतो तो कोणत्याही प्रमाणपत्राने भरून निघत नाही.

आता सहल आणि देवाणघेवाण यांतील भेद पाहू. सहलीत मूल हॉटेलात उतरते, आपल्याच सोबत्यांशी आपल्याच भाषेत बोलते, डबाबंद पराठे खाते आणि छायाचित्रे घेऊन परतते. देवाणघेवाणीत ते एखाद्या कुटुंबात राहते, तेथील शाळेत जाऊन बसते, त्या घराचे नियम पाळते. आणि पुढे कधीतरी त्या घरचे मूल आपल्याकडे येते. शब्दातच 'देवाण' आधी आहे. पहिल्या प्रकाराला विरोध करण्याचे कारण नाही, पण पहिल्याला दुसऱ्याचे नाव देऊन दुसऱ्याचे मोल मागितले जात असेल तर ते पालकांनी ओळखावे.

परक्या घरात राहून शिकण्याचा मराठी माणसाचा सर्वांत उदात्त आणि सर्वांत करुण अनुभव डॉ. आनंदीबाई जोशी यांचा आहे. त्यांच्या चरित्रातील वैद्यकाची पदवी सर्वांना ठाऊक असते. ती पदवी शक्य करणारी व्यवस्था मात्र फारशी कोणी पाहत नाही. पत्नीला अमेरिकेत शिकविण्याविषयी गोपाळराव जोशी यांनी लिहिलेले पत्र तेथील एका मिशनरी नियतकालिकात छापले गेले होते. मिशनच्या संपादकाने त्यांना ख्रिस्ती होण्याचा सल्ला दिला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या दृष्टीस ते पत्र पडले आणि त्यांनी १८८० साली थेट त्या अनोळखी मुलीलाच पत्र लिहिले. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे दोघींचा पत्रव्यवहार चालला. सण, वेणीफणी, जेवण, बालविवाह, प्रकृती, असे सारे काही त्या पत्रांतून गेले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत पाऊल ठेवताना त्या अवघ्या १८ वर्षांच्या होत्या, पण त्या अनोळखी घरी निघालेल्या नव्हत्या. जूनमध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर मावशी स्वतः उतरवून घेण्यास आलेल्या होत्या.

निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात जाहीर भाषण करून आपण का जात आहोत, एकट्याच का जात आहोत आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच कसे परतणार आहोत, याचा खुलासा त्यांनी केला. आज परदेशी जाणाऱ्या किती मुलांना 'तू का जात आहेस?' या प्रश्नाचे उत्तर चार माणसांपुढे देता येईल? पुढे त्यांनी तो शब्द पाळला. लुगडे आणि शाकाहार सोडला नाही. कार्पेंटरबाईंनीही तो मोडावा असा आग्रह धरला नाही. यजमान चांगला की वाईट हे ओळखण्याची याहून साधी कसोटी नाही.

तरीही या कथेचा शेवट सुखाचा नाही. रोझेलच्या घरातील आधार फिलाडेल्फियाच्या वसतिस्थानी नव्हता. थंडी, आहाराची आबाळ आणि अभ्यासाचा ताण यांत मूळची नाजूक प्रकृती ढासळली. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा कार्पेंटर कुटुंबाने न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. यजमान घराने तिला अखेरपर्यंत आपले मानले. पण ज्या काळात ती त्या घरापासून दूर होती, त्या काळात तिच्या प्रकृतीची रोजची चौकशी करणारे कोणी नव्हते. शालेय वयाच्या मुलाला परदेशी पाठविण्याचे सारे नियम याच दोन गोष्टींभोवती फिरतात. जाण्याआधी ओळख झालेली असावी आणि गेल्यानंतर चौकशी करणारे नेमके एक माणूस असावे.

जगात ही पद्धत रुळली ती युद्धाच्या अनुभवातून. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांना रुग्णवाहिकांतून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची 'अमेरिकन फील्ड सर्व्हिस' ही संघटना होती. दुसरे महायुद्ध संपल्यावर त्या चालकांनी ठरविले की पुढच्या पिढीने एकमेकांच्या घरात राहून पाहावे. १९४७ साली १० देशांतील ५२ विद्यार्थी अमेरिकेत गेले. 'एएफएस' या नावाने तीच संस्था पुढे वाढली आणि भारतातही आली. रोटरीचा युवा विनिमयही जुना आहे. त्यात जाणारा विद्यार्थी विमानभाडे, विमा, व्हिसा यांचा खर्च करतो, पण राहणे-जेवणे यजमान कुटुंबांकडे असते आणि ती कुटुंबे त्याचे पैसे घेत नाहीत. वाहन चालविणे, मद्य, मादक द्रव्ये आणि प्रेमप्रकरण ही चार कुंपणे तेथे सक्त आहेत. आपल्याकडील पालकांना पाश्चात्त्य समाज म्हणजे मोकाट समाज असे वाटते. प्रत्यक्षात तेथील चांगल्या संस्थांचे नियम आपल्या वसतिगृहांपेक्षा कडक असतात. ते वाचण्याचे कष्ट मात्र घ्यावे लागतात.

अमेरिकेच्या शालेय विनिमय व्हिसाचे नियम नमुन्यादाखल पाहावेत. विद्यार्थ्याचे वय १५ ते साडेअठरा असावे. यजमान घरातील १८ वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासलेली असावी. शाळेने प्रवेशाचे लेखी मान्यतापत्र दिलेले असावे. स्थानिक समन्वयक त्या घरापासून १२० मैलांच्या आत राहणारा असावा आणि त्याने महिन्यातून किमान एकदा विद्यार्थ्याशी संपर्क साधावा. हे नियम काही कोणा साहेबाच्या कल्पनेतून आलेले नाहीत. मुले चुकीच्या घरांत पोचली, तक्रारी झाल्या, तेव्हा ते कडक केले गेले. पालकाने आयोजकाला याच कसोट्या लावाव्यात. यजमानांचे नाव निघण्याच्या आदल्या आठवड्यात कळणार असेल, 'तिकडे गेल्यावर ठरेल' असे उत्तर येत असेल, तर मुलाचे तिकीट काढू नये. किमान दोन-तीन महिने आधी त्या कुटुंबाशी बोलणे सुरू व्हावे. पडद्यावर चेहरे दिसावेत. आई आईशी बोलावी. भाषा तुटकी असली तरी चालेल, कार्पेंटरबाईंचे आणि आनंदीबाईंचे जग यापेक्षा कितीतरी अधिक तुटलेले होते.

परदेशापूर्वी एक पायरी देशातही आहे, आणि ती ओलांडून उडी मारण्याची घाई होऊ नये. तुळजापूरला जवाहर नवोदय विद्यालय आहे. नवोदय विद्यालयांत नववीच्या सुमारे ३० टक्के विद्यार्थ्यांना एका वर्षासाठी हिंदी भाषिक आणि अहिंदी भाषिक प्रदेशांत अदलाबदलीने पाठविण्याची पद्धत आहे. मराठवाड्यातील मूल वर्षभर परप्रांतात राहते, तेथील मूल येथे येते. भाषा, अन्न, थंडी सारे बदलते आणि खर्चाचा बोजा घरावर नसतो. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेने १९६६ साली 'आंतरराज्य छात्र जीवन दर्शन' हा उपक्रम सुरू केला, तो 'सील' या आद्याक्षरांनी ओळखला जातो. पुढे नागालँडचे राज्यपाल झालेले पद्मनाभ आचार्य हे त्याच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांपैकी एक. पूर्वांचलातील विद्यार्थी मुंबई-महाराष्ट्रातील घरांत पाहुणे म्हणून राहिले. हॉटेलात ठेवणे सोपे झाले असते. पण स्वयंपाकघरात बसून चहा प्यायल्याशिवाय आपण एका देशाचे आहोत हे कळत नाही, हे त्या कार्यकर्त्यांनी ओळखले होते. ज्या मुलाने घरापासून दूर, परक्या भाषेत, एक महिना काढलेला आहे त्यालाच परदेशातील वर्षाचा विचार करू द्यावा. ज्याला आजोळीही आठ दिवस करमत नाही, त्याला विमानात बसविणे हा पालकांचा हौसेचा भाग झाला.

मूल दुसऱ्याच्या हवाली करणे म्हणजे काय, हे या भागाला पुस्तकातून शिकावयाचे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. या तालुक्यातील हराळी येथे ज्ञान प्रबोधिनीने भूकंपानंतर काम उभे केले आणि निवासी शाळा चालविली. तेथे बाहेरची माणसे येऊन राहिली आणि इथलीच झाली. त्या वेळी पालकांनी मुले सोपविली ती विश्वासावर. तो विश्वास छापील अर्जावरील सहीने निर्माण झालेला नव्हता. माणसे समोर येऊन बसली, रडली, राबली, तेव्हा तो निर्माण झाला. परदेश दौऱ्याच्या आयोजकाने इतके करावे अशी अपेक्षा नाही, पण त्याने निदान पालकांसमोर येऊन दोन तास प्रश्नांची उत्तरे द्यावीत.

शाळांनी कायद्याची बाजू समजून घ्यावी. पालकांचे संमतिपत्र घेतले की आपली जबाबदारी संपली, असा एक गैरसमज शिक्षणक्षेत्रात खोल रुजलेला आहे. २८ मे १९९५ रोजी पंजाबातील एका शाळेच्या सहलीत बियास नदीत १४ विद्यार्थी बुडाले. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेचा निष्काळजीपणा मान्य करून प्रत्येक कुटुंबाला पाच लाख रुपयांची भरपाई कायम केली. डिसेंबर २००६ मध्ये बेंगळुरूच्या एका शाळेची सहल उत्तर भारतात गेली असता एक विद्यार्थिनी मेंदूच्या तापाने आजारी पडली. वेळीच वैद्यकीय उपचार मिळाले नाहीत आणि ती जन्माची जायबंदी झाली. तेथेही सर्वोच्च न्यायालयाने ८८ लाखांहून अधिक रकमेची भरपाई पुन्हा मंजूर केली. ताप आलेल्या मुलीला 'थकली असेल, झोपू द्या' म्हणणाऱ्या शिक्षकाचा हेतू वाईट नसतो. परक्या देशात, परक्या भाषेत, डॉक्टरचे शुल्क ऐकून छाती दडपलेली असताना तोच शिक्षक अधिकच रेंगाळेल. म्हणून विमा हा कागद नव्हे. त्याची रक्कम, दमा किंवा फिट्स यांसारखे जुने आजार त्यात येतात की नाही, आणि पैसे आधी भरावे लागतात की रुग्णालय परस्पर घेते, हे सोबत जाणाऱ्या शिक्षकाला तोंडपाठ हवे. मुली जात असतील तर शिक्षिका सोबत हवीच. यावर चर्चा नको. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांनी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी, तिकिटे नंतर काढावीत. उलट क्रमाने नव्हे.

कागदपत्रांचा विषय रूक्ष आहे, पण ग्रामीण भागातील मुलांची परदेशवारी बहुधा तेथेच अडते. जन्मदाखल्यावर एक नाव, शाळेच्या निर्गम उताऱ्यावर दुसरे, आधारवर तिसरे. कोठे वडिलांचे नाव मध्ये, कोठे आडनाव आधी, कोठे आडनावच नाही. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा राहिला तर काही देश प्रवेश नाकारतात. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ साली एकाच नावाच्या पासपोर्टवर भेट व्हिसाने येणाऱ्यांना रोखले, आणि आपल्याकडील कितीतरी विमाने दुबई-अबुधाबीवरूनच पुढे जातात. म्हणून आठवीत असतानाच सर्व दाखल्यांवरील नाव एकसारखे करून घ्यावे. अज्ञान मुलाच्या पासपोर्टसाठी आई-वडील दोघांची संमती लागते. एकच पालक असेल, वडील वारले असतील किंवा दोघे विभक्त असतील, तर त्यासाठी वेगळे प्रतिज्ञापत्र असते. अशा घरातील आईला कार्यालयात एकटीला धाडू नये, शिक्षकांनी सोबत जावे. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, आणि शिक्षणासाठी जाणाऱ्या शालेय विद्यार्थ्यांना व त्यांच्या सोबतच्या शिक्षकांना व्हिसाशुल्क माफ आहे. आयोजकाच्या हिशेबात ते शुल्क दिसले, तर ते कशाचे, हे विचारण्याचा पालकांना अधिकार आहे. व्हिसा नाकारला गेला तर किती रक्कम परत मिळणार, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्यावे. वर्षभराच्या विनिमयासाठी जाणाऱ्याने परतल्यावर कोणत्या इयत्तेत प्रवेश मिळेल हेही शाळेकडून आणि मंडळाकडून आधीच लेखी घ्यावे. दहावी-बारावीच्या वर्षात ही जोखीम घेऊ नये.

आता जो भाग सभेत बोलण्यास संकोच वाटतो, तो. मुलगा असो वा मुलगी, निघण्यापूर्वी आईने किंवा वडिलांनी त्याच्याशी एकांतात, स्पष्ट शब्दांत बोलले पाहिजे. कोणी अंगचटीला आले, खोलीचे दार लावून घेतले, पासपोर्ट काढून ठेवला, घरी फोन करू दिला नाही, तर काय करावयाचे? 'यजमानांचे उपकार आहेत, गप्प बस' ही शिकवण आपल्या संस्कारांत बसत नाही. आतिथ्याचा मान राखणे आणि अन्याय सोसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन माणसांचे क्रमांक मुलाच्या फोनमध्ये आणि कागदावरही असावेत: घरचा, आयोजकाच्या जबाबदार व्यक्तीचा आणि त्या देशातील भारतीय वकिलातीचा. अमेरिकेत ९११, युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, जपानमध्ये पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांक पाठ असावेत. शिवाय घरात एक खुणेचा शब्द ठरलेला असावा. समोर कोणी बसलेले असताना मुलाने फोनवर तो शब्द उच्चारला की वडिलांनी ओळखावे. आणि ओळखल्यावर मुलाला आधी परत आणावे. पैसे बुडाले याचा हिशेब नंतर करावा. परदेशी मूल गप्प राहते ते बहुतेक वेळा त्या परक्या माणसाच्या भीतीने नव्हे, 'एवढा खर्च केला' हे वडिलांचे शब्द आठवून. ते शब्द निघण्यापूर्वी एकदाही उच्चारू नयेत.

खाण्यापिण्याविषयी दोन शब्द. मूल शाकाहारी असेल तर ते अर्जात स्पष्ट लिहावे. जपानमध्ये माशाचा अर्क साध्या रश्शातही असतो हे आधी कळलेले बरे. परंतु लोणचे, चटण्या आणि भडंग यांनीच पेटी भरून पाठवू नये. त्याने तेथे जाऊन भाकरी थापून दाखवावी. ज्वारीची भाकरी थापता येणारा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा परक्या स्वयंपाकघरात जेवढा लवकर आपलासा होतो, तेवढा इंग्रजीत पहिला आलेला होत नाही. ताट उचलणे, स्वतःचे कपडे धुणे, संडास स्वच्छ ठेवणे ही कामे घरी न केलेले मूल तेथे 'भारतीय मुले आळशी असतात' एवढाच संदेश पोचवून येते.

आणि देण्यासारखे काय न्यावयाचे? लोहाऱ्याच्या मुलाला ताजमहालाची चित्रफीत घेऊन जाण्याची गरज नाही. याच जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या अंतरावरील या नगरातून माल गाड्यांत घालून भडोचच्या बंदरावर जात असे. तेर येथे हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली आणि तिच्याशी साम्य असलेली मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या ज्वालामुखीच्या राखेखाली मिळाली. रोमशी व्यवहार करणाऱ्या भूमीतील मुलाला न्यूनगंड वाटण्याचे कारण काय? परंतु तेरचे संग्रहालय या सभेतील किती मुलांनी पाहिले आहे, असे विचारले तर हात थोडेच वर होतील.

दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. जपानचे मूल भूकंपाची कवायत बालवाडीपासून करते. सास्तूरच्या मुलाने आपल्या आजीला विचारून ती पहाट लिहून काढावी. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे माळवदाचे ओझे यांनी माणसे कशी गाडली गेली, पत्र्याच्या शेडमधील दिवस कसे गेले, नवी गावे कशी वसली, जुन्या गावाच्या चौथऱ्यांकडे पाहून म्हातारी माणसे काय बोलतात. हे त्याने जपानी वर्गात सांगितले तर त्या वर्गाला नवे काही मिळेल, आणि तेथील कवायत शिकून आल्यावर त्याला येथल्या शाळेत काही देता येईल. पुस्तकात पाहून लिहिलेले 'भारत : विविधतेतील एकता' हे भाषण कोणालाच नको असते.

राहिला परतीचा पाहुणा. तेथील मूल लोहाऱ्यात येणार असेल तर त्याला सोलापूरच्या हॉटेलात उतरवू नये. झोपण्यास स्वतंत्र जागा, स्वच्छ शौचालय, उकळलेले पाणी आणि घरात दिवसभर असणारे एक वडीलधारे माणूस, एवढे असले की ते घर यजमान होण्यास पुरेसे आहे. वातानुकूलन नसले तरी चालते. आग्रह करून सहाव्यांदा वाढणे आणि गल्लीतील पंचवीस माणसांनी उंबऱ्यात येऊन पाहुण्याची छायाचित्रे काढणे मात्र चालत नाही. एप्रिल-मेमध्ये त्याला बोलावू नये. दिवाळीनंतर, ज्वारी हुरड्यात येण्याच्या सुमारास बोलावावे. आणि विदेशी पाहुणा घरी उतरल्यावर २४ तासांच्या आत त्याची नोंद विदेशी नोंदणी कार्यालयाकडे करणे बंधनकारक आहे. ती ऑनलाइन होते आणि हॉटेलांप्रमाणे घरमालकालाही लागू आहे. पाहुण्याचा पासपोर्ट व व्हिसा यांची प्रत तो येण्यापूर्वीच मागवून ठेवावी आणि लोहारा पोलीस ठाण्यात आदल्या दिवशी कल्पना देऊन यावे.